आधी तिचं पाणी सुरू करा

ताई, स. न. वि. वि.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं बालगृह आहे, तिथे मी काळजीवाहक आहे. शिक्षण बारावी. गेल्या पावसाळ्यात बाल कल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे दोघी बहिणी आल्या. पावरा या आदिवासी समाजाच्या, नंदुरबारमधल्या धडगावकडच्या. रेल्वे स्टेशनवर सापडल्या होत्या. आई वारलेली, बाप ऊसतोडीला गुजरातेत गेला तो परतलाच नाही. एक मामा आहे असं थोरली सांगते, पण पाड्याचं नाव ती सांगते ते आम्हाला समजत नाही.

थोरली तेराची. शाळेने वय बघून सातवीत बसवली. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, वर्गात तोंड उघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हातपाय दुखतात म्हणून झोपून राहते. कधी ताप असतो, कधी नसतो. पी.टी.चे सर म्हणतात, "ती नुसती ढोंग करस." गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, रक्त कमी आहे म्हणून लोहाची बाटली दिली. रात्री अंथरूण ओलं होतं. बाकीच्या मुली चिडवतात, म्हणून आम्ही संध्याकाळी सातनंतर तिला पाणी देणं बंद केलं आहे. थोडा फरक पडला. धाकटी आठ वर्षांची, ती ठणठणीत आहे, मराठीही भराभर बोलायला लागली.

मी थोरलीसाठी वेगळी भाकरी टाकते, तिला जवळ घेऊन बसते, तर बाकीच्या बाया म्हणतात हिचे फार लाड चाललेत. संस्थेच्या अध्यक्षांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "इथे जातपात नाही, सगळ्या मुली सारख्या." ते माणूस म्हणून चांगले आहेत. आता त्यांचं म्हणणं पडलं की दोघींना आश्रमशाळेत टाकावं, आपल्या लोकांत राहतील. मी पक्षपात करते का? आणि त्यांना पाठवावं का?

— एक काळजीवाहक

——

ताई,

तुमच्या दोन प्रश्नांआधी तुम्ही न विचारलेली गोष्ट. त्या मुलीचं रात्रीचं पाणी बंद करू नका. हे सदर छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून एवढं तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. पण वसतिगृहांत, आश्रमशाळांत, बालगृहांत हाच उपाय कितीतरी ठिकाणी चालतो, म्हणून त्या सगळ्या बायांसाठी इथे पुन्हा लिहिते.

दुसरी एक गोष्ट त्याच ओघात. तुम्ही पत्रात दोघींची नावं लिहिली होती, ती काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात वाढदिवसाचे फोटो टाकतानाही हे ध्यानात ठेवा.

आता पाणी. मी डॉक्टर नाही. जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे रोगाचं निदान करणं माझं काम नाही, पण कोणाला कुठल्या खिडकीवर पाठवायचं ते कळतं. पावरा मुलगी, वरचेवर हातपाय दुखणं, मधूनच ताप, रक्त कमी, आणि तेराव्या वर्षी अंथरूण ओलं होणं. हे सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलंत तर सातपुड्याच्या पायथ्याची कुठलीही जुनी नर्स पहिला प्रश्न एकच विचारेल: हिची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

सिकलसेल हा रक्ताचा, आईबापांकडून येणारा आजार. तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. बाहेरून काही दिसत नाही. सूज असेलच असं नाही, जखम तर नसतेच. त्यामुळे शेजारच्या माणसाला ते ढोंग वाटतं. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करून पाणी राखून ठेवता येत नाही. लघवी पातळ आणि जास्त होते, रात्री आवरत नाही. मुलगी आळशी नाही, घाणेरडीही नाही, तिच्या अंगात पाणी टिकतच नाही. अशा मुलीचं पाणी तोडलं तर अंथरूण कोरडं राहील कदाचित, पण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात आणि कळा उठतात. म्हणजे तुम्हाला जो फरक पडलेला दिसतो त्याची किंमत ती चार दिवसांनी पाय धरून मोजत असेल. तुमचा हेतू शिक्षेचा नव्हता हे मला दिसतं. पण तिला ते शिक्षाच वाटत असणार.

पाणी भरपूर द्या, दिवसभर द्या. शाळेत बाटली न्यायला लावा आणि ती बाटली रिकामी होऊन येते का ते बघा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चव्वेचाळिसावर जातो तेव्हा तर तिला तहान लागायची वाटही बघू नका. थंडीनेही कळा उठतात, म्हणून पहाटे गार पाण्याची आंघोळ तिला नको. रात्री एकदा उठवून लघवीला न्या, गादीवर मेणकापड घाला, सकाळी चादर बाकीच्या मुली उठायच्या आत बदला. चिडवणं निम्मं तिथेच थांबतं.

तपासणी अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी टेस्ट होते, फुकट होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. मुलगी नुसती वाहक असू शकते, म्हणजे तिला स्वतःला आजार नाही पण तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो, किंवा रुग्ण. ते ठरवायला पुढची तपासणी लागते, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. खालच्या पातळीवर "पॉझिटिव्ह" शिक्का मारून परत पाठवतात आणि पुढचं कोणी करत नाही, असं फार होतं. तुम्ही तिथे थांबू नका, "वाहक की रुग्ण" याचं उत्तर कागदावर घ्या. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. नंदुरबारच्या पाड्यापाड्यांतून तपासणीची शिबिरं होतात. पण शिबिर पाड्यात, शाळेत, आश्रमशाळेत जातं. पाड्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात आलेली पोर या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. तिच्या गावात तपासणी झाली तेव्हा ती ऊसाच्या फडावर असेल. आता ती जिथे आहे तिथे हा आजार कोणाच्या डोक्यात येत नाही.

निदान पक्कं होईपर्यंत लोहाची बाटली कपाटात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीही लोहाचीच. रक्त कमी दिसलं की लोह, हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून; लोहाची कमतरता तपासून दिसली तरच लोह द्यायचं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. फॉलिक ॲसिड बहुधा चालू करतात. रुग्ण निघाली तर हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध असतं, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नियमित दाखवावं लागेल. आणि हे भिंतीवर लावून ठेवा, रात्रपाळीच्या बाईलाही वाचता येईल अशा अक्षरात: जास्त ताप, छातीत दुखणं, धाप, एकदम पांढरं पडणं, पोट डाव्या बाजूला फुगणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, डोकं फार दुखणं. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन.

धाकटी ठणठणीत आहे असं तुम्ही लिहिता. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता रुग्ण असण्याची आणि चारात दोन शक्यता वाहक असण्याची. आज ठणठणीत दिसणं हा पुरावा नाही. तिचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. निकाल मात्र फाइलमध्ये राहू द्या. पुढे लग्नाच्या वेळी वाहक मुलींना काय ऐकून घ्यावं लागतं ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बालगृहाच्या फळ्यावर किंवा वर्गात तो शब्द उच्चारायचं कारण नाही. पी.टी.च्या सरांना इतकंच सांगा की डॉक्टरांनी पळायला मनाई केली आहे, आणि तशी चिठ्ठी आणून द्या. सर वाईट नसतात हो, त्यांच्यापुढे साठ पोरं असतात. चिठ्ठी बघितली की विषय संपतो.

कदाचित सिकलसेल नसेलही. मग दुसरं काही असेल आणि तेही शोधावं लागेल. संस्थेतल्या प्रत्येक मुलाची दर महिन्याला वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवायची असते, असं बाल न्याय नियमच सांगतात. तिच्या कार्डावर आजवर काय लिहिलंय ते जरा बघा. वजन, उंची, "प्रकृती ठीक" असंच असेल तर त्या कार्डाने कोणाचंच काम केलेलं नाही.

आता पक्षपात. अध्यक्षांचं वाक्य चांगल्या मनातून आलंय, मी ते मान्य करते. ज्या गावात विहिरीवरून भांडणं झाली, तिथे "सगळ्या मुली सारख्या" म्हणणारा माणूस लहान नाही. पण सगळ्या मुलींना एकाच नंबरचा चष्मा दिला तर त्याला समानता कोणी म्हणेल का? आहिराणी बोलणारी मुलगी तुमच्याकडे आली तर स्वयंपाकीणबाई तिच्याच बोलीत "जेवनी का?" विचारतात. तिचा आजार डॉक्टरांच्या ओळखीचा असतो, तिचं आडनाव क्लार्कला बरोबर लिहिता येतं, तिचं गाव सगळ्यांना माहीत असतं. तिला हे सगळं न मागता मिळतं आणि ते लाड म्हणून कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पावरा मुलीला त्यातलं एकेक करून द्यावं लागतं, म्हणून ते दिसतं. तुमच्या भाकरीचं म्हणाल तर माझा वेगळा सल्ला आहे: एकटीसाठी टाकू नका, आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्यांसाठीच टाका. दादर ज्वारीची टाका, ज्वारी-उडदाच्या कळण्याची टाका. खान्देशातल्या बायांनी चपातीच्या हट्टापायी भाकरीला पाहुणी करून ठेवावं, हे मला कधी कळलेलं नाही.

ही गोष्ट आपल्यापुरतीही नाही. कॅनडात 2021 च्या जनगणनेत 15 वर्षांखालच्या मुलांमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं 7.7 टक्के होती, आणि सरकारी व्यवस्थेने पालक कुटुंबांत ठेवलेल्या मुलांमध्ये ती 53.8 टक्के होती. त्यांना हे कळलं कारण त्यांनी मोजलं. तुमच्या संस्थेपुरतं तुम्हालाही मोजता येईल. प्रवेश रजिस्टर काढा, गेल्या काही वर्षांतल्या आदिवासी मुली किती, त्यातल्या दहावीपर्यंत किती पोचल्या, बाकीच्या मुलींत किती, हे दोन रकान्यांत मांडा. नंदुरबार जिल्ह्यात 2011 साली 69 टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात खाली. त्या डोंगरातून आलेली पोर तुमच्या दारात पाऊल ठेवते तेव्हा ती आधीच मागून सुरुवात करत असते. तुमचे दोन रकाने अध्यक्षांना भाषणापेक्षा लवकर पटतील.

शाळेचं. वयानुसार सातवीत बसवलं हे शाळेने कायद्याप्रमाणेच केलं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 4. पण त्याच कलमात पुढचं अर्ध वाक्य आहे आणि ते शाळा विसरल्या: अशा मुलाला बाकीच्यांच्या बरोबरीने आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. केंद्राच्या नमुना नियमांत त्याची मुदत कमीत कमी 3 महिने, जास्तीत जास्त 2 वर्षं. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करता येतं, तेही मोफत. मुख्याध्यापकांना लेखी विचारा की हिचं विशेष प्रशिक्षण कधी सुरू होणार. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. गट साधन केंद्रात विषयतज्ज्ञ बसतात, ते याच कामासाठी आहेत. हे न करता तिला सातवीच्या बाकावर नुसतं बसवून ठेवलं तर ती आठवी-नववीत गळेल. मग सगळे म्हणतील, आदिवासी पोरांना शिक्षणात रसच नसतो.

ती वर्गात बोलत नाही याचं कारण मात्र मला अक्षरओळखीत दिसत नाही. घरी पावरी, स्टेशनवर हिंदी-गुजराती, बालगृहात आहिराणी, पुस्तकात पुण्याची मराठी. तेराव्या वर्षी चार भाषांत चुकण्यापेक्षा गप्प बसणं तिला शहाणपणाचं वाटतं. आपले शिक्षक स्वतः आहिराणी बोलत मोठे झालेत. नाशिक-पुण्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी तोंड उघडल्यावर कोण कसं हसलं, ते त्यांनाच विचारा. धाकटी भराभर मराठी बोलते याचं कौतुक करताना ती पावरी विसरत तर नाही ना, तेही बघा. दोघी रात्री आपसात पावरीत बोलतात का? बोलू द्या. "मराठीत बोला" असं कोणी दटावत असेल तर ते आधी बंद करा.

यावर एक सोपा उपाय तुमच्या गावातच असेल. आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं बऱ्याच तालुक्यांच्या गावी आहेत, त्यांत कॉलेजात शिकणाऱ्या पावरा मुली असतात. तुमच्या अधीक्षकांमार्फत आणि बाल कल्याण समितीला कळवून, रविवारी तासभर त्यातली एखादी येऊन बसली तर दोन कामं होतील. मुलीला अभ्यास समजेल, आणि मामाचा पत्ता लागेल. पाड्याचं नाव विचारत बसू नका. एकेका पाड्याला दोन-दोन नावं असतात आणि सरकारी नाव तिसरंच असतं. बाजार विचारा. धडगावच्या बाजाराला जायचे, मोलगीच्या, की शहाद्याला उतरायचे? चालत किती वेळ लागायचा? नदी कुठली ओलांडायची? शाळेत गुरुजी कोण होते? पावरी जाणणाऱ्या मुलीला अशा उत्तरांवरून पाडा शोधता येईल. ही माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या, ते नंदुरबारच्या कक्षाकडून गृहभेट करून घेतील. भेट होळीच्या आगेमागे पडेल असं बघा. भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला ऊसतोडीची माणसं डोंगरात परत येतात. एरवी अर्धे पाडे कुलूपबंद.

पाड्याचा पत्ता लागणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे, आणि संस्थांमध्ये याचा विचार कोणी वेळेवर करत नाही. जातीचा दाखला. ती थोडीफार शाळेत गेली असेल तर तिथल्या जनरल रजिस्टरला तिचं नाव आणि "पावरा" अशी नोंद असेल. त्या पानाचा उतारा मिळवा. अनुसूचित जमातींच्या यादीत पावरा ही भिल्ल गटाच्या नोंदीत, आठव्या क्रमांकावर येते. तुमच्या शाळेच्या क्लार्कने घाईत जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" लिहिलं असेल किंवा रकाना कोरा ठेवला असेल, तर पाच वर्षांनी नर्सिंगच्या प्रवेशाला उभी राहिल्यावर जातीचा दाखला पडताळणाऱ्या समितीपुढे ती काय दाखवणार? अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. ते पुरावे मामाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत असतील, बालगृहाच्या कपाटात असणार नाहीत. अनाथ मुलांसाठी राज्यात 1 टक्का आरक्षण आहे, पण बाप हयात असेल तर ही मुलगी त्यात बसणं अवघड. म्हणजे तिचा खरा आधार तिच्या जमातीचा कागद. तो मिळवणं म्हणजे जातपात पाळणं, असं अध्यक्ष म्हणाले तर त्यांना हे नर्सिंगचं उदाहरण सांगा.

आणि आता आश्रमशाळा. आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कायमचं नको असं मात्र नाही.

आपल्या लोकांत राहतील, या बोलण्यात तथ्य आहे. तिथे पावरी बोलणाऱ्या मैत्रिणी मिळतील, तिला कोणी "तू कुठली?" असं विचारणार नाही. हे थोडं नाही. पण पुस्तकं तिथेही मराठीच, शिक्षक बरेचसे बाहेरचेच. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत, तेवढ्याच किंवा जास्त अनुदानित. त्यातली एखादी उत्तम असते आणि एखादी अशी की तिथे रात्री ताप आलेल्या पोरीला दवाखान्यात न्यायला गाडी नसते. सिकलसेलचा संशय असलेली, तपासणी न झालेली मुलगी वर्षाच्या मध्ये तिथे सोडून येणं म्हणजे आपला प्रश्न दुसऱ्याच्या दारात ठेवणं. शिवाय हा निर्णय अध्यक्षांचा नाहीच, तुमचाही नाही. समितीच्या आदेशाने आलेली मुलं समितीच्या आदेशाशिवाय हलत नाहीत. समितीने मुलीचं म्हणणं ऐकलं पाहिजे, तिला समजेल त्या भाषेत. त्यासाठी पावरीचा दुभाषा मागा. दोघी बहिणींना वेगळं करायचं नाही, हेही लेखी मांडा.

मामा सापडला आणि सांभाळायला तयार असला तर कुटुंब हा पहिला पर्याय, संस्था शेवटचा. कायद्याची दिशाच तशी आहे. तो गरीब असणारच. गरिबी हे मुली न देण्याचं कारण होऊ शकत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात 4,000. मामाने ठेवून घ्यावं आणि मुलींनी गावाजवळच्या आश्रमशाळेत जावं, असा तोडगा पुढे निघाला तर मला तो आवडेल. तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांच्या हातात सिकलसेलचा अहवाल, औषधांची चिठ्ठी आणि शिकवणीत ती कुठवर आली त्याची नोंद असेल. त्यातही मामाच्या घरी तेरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची घाई नाही ना, हे गृहभेटीत पारखून घ्यायला सांगा. ही शंका मी फक्त पावरांच्या बाबतीत घेत नाही. आपल्या तापीकाठच्या गावांतही काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

रुग्ण निघाली तर दोन कागद अजून. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मागायला आणि एसटीच्या सवलतीला ते लागेल. खर्चाची धास्ती अध्यक्षांना वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन उपचार घेता येतात, हे त्यांच्या कानावर घाला.

तुम्ही पत्रात "माझं शिक्षण बारावी" असं मध्येच लिहिलंय, जणू त्यामुळे तुमचं बोलणं हलकं होतं. मुलीच्या दुखण्याच्या तारखा, तापाचे दिवस, काय खाल्लं, किती झोपली हे त्या इमारतीत तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. शंभर पानी वही घ्या आणि आजपासून तारीख घालून लिहायला लागा. डॉक्टर त्या वहीवरूनच पुढचं ठरवतील, आणि वैयक्तिक काळजी आराखडा म्हणून जो छापील तक्ता फाइलमध्ये असतो तो परिविक्षा अधिकाऱ्यांनी त्या वहीवरून नव्याने भरावा, असा आग्रह धरा.

समितीला द्यायचा अर्ज अधीक्षकांच्या सहीने गेला तर उत्तम. त्यात चार मुद्दे पुरेत: दोघींची सिकलसेल तपासणी, शाळेतलं विशेष प्रशिक्षण, पावरीचा दुभाषा आणि मामाचा शोध, आणि हे होईपर्यंत मुलींना हलवू नये. अधीक्षक सही करायला कचरले तर समितीची बैठक असते त्या दिवशी मुलीला घेऊन जाल तेव्हा सदस्यांना तोंडी सांगा आणि वही दाखवा. काळजीवाहकाने बोलू नये असा नियम कुठेही नाही. अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती प्रत संस्थेच्या फाइलमध्ये लावा.